मॉर्सचा ऋणनिर्देश

तत्त्वज्ञानाच्या माणसानं टीव्हीवरच्या फौजदारांबद्दल तासभर काय बोलायचं, हा प्रश्न आम्हांला घरूनच विचारला गेला आहे, त्यामुळे तुम्ही नाही विचारलात तरी चालेल. (हशा) उत्तर असं की नीतिशास्त्र शिकवताना आम्ही ज्या एका गोष्टीवर कधी नीट बोललो नाही, ती आम्हांला एका इंग्रजी गुन्हेमालिकेत सापडली. वरिष्ठावर कनिष्ठाचं काही ऋण असतं का? आणि असलं तर ते फिटतं कसं? शिष्यावर गुरूचं ऋण असतं हे आपल्याला पाठ आहे. उलट्या बाजूचं काय?

मालिका म्हणजे 'इन्स्पेक्टर मॉर्स'. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉलिन डेक्स्टर हे ग्रीक-लॅटिनचे शिक्षक. पुढे ऐकू येईनासं झालं म्हणून वर्ग सोडावा लागला, मग ऑक्सफर्डमध्ये परीक्षांच्या कामाची नोकरी, आणि छंद शब्दकोड्यांचा. मॉर्स आणि लुईस ही नावंही त्यांनी शब्दकोड्यांच्या जगातूनच उचलली. १९७५ साली त्यांची पहिली मॉर्स-कादंबरी आली, १९९९ साली तेरावी आणि शेवटची. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर १९८७ ते २००० या काळात त्यावर ३३ भाग झाले. भाग म्हणजे आपल्याकडचा वीस मिनिटांचा नव्हे, जवळजवळ एक अख्खा चित्रपट. चीफ इन्स्पेक्टर मॉर्स झाले जॉन थॉ आणि सार्जंट लुईस झाले केव्हिन व्हेटली. मॉर्स मेला, पण गोष्ट थांबली नाही. २००६ ते २०१५ 'लुईस' ही मालिका चालली, तिचेही ३३ भाग, त्यात लुईस स्वतः इन्स्पेक्टर. आणि २०१२ ते २०२३ 'एंडेव्हर', म्हणजे मॉर्सची तरुणपणची गोष्ट, ३६ भाग. छत्तीस वर्षांत पसरलेलं एकच कथानक म्हणा ना.

आपल्याकडेही दीर्घ चाललेली गुन्हेमालिका आहे. 'सीआयडी' १९९८ साली सुरू झाली आणि वीस वर्षं सलग चालली. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न आणि डॉ. साळुंखे यांची चकमक आपण वर्षानुवर्षं तशीच ऐकली आणि दयानं दारही तसंच तोडलं. आम्ही हे कमी लेखत नाही. कीर्तनाला आलेला माणूस आख्यान बदला म्हणत नाही. पण तिथं नात्यांनी न बदलणं हाच आनंद होता. मॉर्समध्ये नातं बदलतं, आणि गंमत अशी की वरून पाहिलं तर काहीच बदललेलं दिसत नाही. पहिल्या भागात लुईस त्याला 'सर' म्हणतो, शेवटच्या भागातही 'सर'च म्हणतो. मॉर्स त्याला जवळजवळ कायम आडनावानंच हाक मारतो.

इथं भाषेची एक अडचण लक्षात घ्या. मराठीत आपण अरे-तुरेवरून अहो-जाहोवर किंवा तिकडून इकडे आलो की नातं हललं हे शेजारच्यालाही कळतं. इंग्रजीत 'यू' एकच. त्यामुळे सगळा भार येतो तो नावावर. कोण कोणाला कोणत्या नावानं हाक मारतं, एवढंच तिथं मोजमाप. आणि ह्या मालिकेनं ते एकमेव मोजमापसुद्धा गोठवून ठेवलं. मग बदल शोधायचा कुठं?

पहिल्या भागापासून पाहू. 'द डेड ऑफ जेरिको'. लुईस सुरुवातीला मॉर्सचा नाहीच, दुसऱ्याच एका अधिकाऱ्याचा सार्जंट आहे. मॉर्सला जी स्त्री आवडली होती तीच मेलेली सापडते, आणि मॉर्स त्या प्रकरणावर ईडिपसची ग्रीक शोकांतिका चढवून एक झकास उपपत्ती मांडतो. ती साफ चुकते. हे महत्त्वाचं आहे. शेरलॉक होम्स चुकला तर ती बातमी. मॉर्स मात्र पुनःपुन्हा चुकतो, नको त्या माणसावर संशय घेतो, आणि त्या चुकांचा साक्षीदार दर वेळी लुईस असतो. अनेक भागांत खरी किल्ली लुईसच्या तोंडून सहज निघालेल्या एखाद्या वाक्यात असते. मॉर्स एकदम उठतो, डोळे चमकतात, आणि धावत गाडीकडे. श्रेय? श्रेय त्या वाक्याला, बोलणाऱ्याला नाही.

कादंबरीतला लुईस आधी असा नव्हता बरं का. सुरुवातीच्या पुस्तकांत तो वेल्श आहे, वयानं मॉर्सहून मोठा. पडद्यावर त्याला तरुण केलं, न्यूकॅसलकडचा केला, बायको आणि दोन मुलं असलेला संसारी माणूस केला. एवढ्या एका बदलानं सगळं फिरलं. मोठ्या वयाचा हाताखालचा माणूस म्हणजे निष्ठावंत शिपाई. तरुण माणूस आला की तो विद्यार्थी होतो. आता मॉर्स स्वतः कोण? ऑक्सफर्डला शिष्यवृत्तीवर आलेला हुशार मुलगा, प्रेमभंगात अभ्यास गेला, पदवी न घेता बाहेर पडला. सगळं आयुष्य त्याच गावात, त्याच महाविद्यालयांच्या भिंतींबाहेर, खुनांच्या निमित्तानं आत जायचं. अशा माणसाला एक विद्यार्थी मिळतो. तो त्याचं व्याकरण सुधारतो, त्याला वॅग्नर ऐकवतो, रविवारी घरून उठवून आणतो. आणि बिअरचे पैसे त्यालाच द्यायला लावतो. हे शेवटचं प्रेक्षकांना फार गोड वाटतं. आम्हांला पहिल्यांदा वाटलं होतं. दुसऱ्यांदा पाहताना नाही वाटलं. सार्जंटचा पगार केवढा, चीफ इन्स्पेक्टरचा केवढा! एकाच्या घरी दोन मुलं, दुसऱ्याच्या घरी फक्त ग्रामोफोनच्या तबकड्या.

ॲरिस्टॉटलनं मैत्रीवर दोन अख्खी प्रकरणं लिहिली आहेत. त्यात तो एक जुनी म्हण देतो की एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्याकडं मीठ खाल्लं की त्याला जागायचं असतं, म्हणजे आपल्या मिठात ऋण आहे. त्याच्या मिठात ओळख आहे. मॉर्स आणि लुईस यांच्यात दोन्ही प्रकारचं मीठ आहे. पण असमान माणसांच्या मैत्रीबद्दल ॲरिस्टॉटल जे म्हणतो ते आम्हांला पटत नाही. तो म्हणतो, जो श्रेष्ठ आहे त्यानं जितकं प्रेम करावं त्याहून जास्त प्रेम त्याला मिळावं, म्हणजे हिशेब प्रमाणात बसतो. पुढं तो असंही म्हणतो की ज्यांनी आपल्याला तत्त्वज्ञान शिकवलं त्यांचं मोल पैशात होत नाही; देव आणि आईबाप यांच्यासारखंच, जमेल तेवढं परत करावं. आपल्या परंपरेतलं ऋषिऋण याच जातीचं. ते अध्ययनानं फेडायचं, आणि फेडायचं शिष्यानं. दोन्हीकडं खातेवही एकाच बाजूनं उघडते. शिष्याचं नाव नावे बाजूला, गुरूचं जमेला. लुईसचं मॉर्सवर जे देणं आहे त्यासाठी या वहीत पानच नाही.

ते देणं किती होतं हे १९९०च्या 'मेसॉनिक मिस्ट्रीज' या भागात उघड दिसतं. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'च्या तालमीच्या वेळी एका बाईचा खून होतो आणि हातात सुरी घेतलेला सापडतो मॉर्स. कोणीतरी जुना वैरी त्याला अडकवतो आहे. आता लुईस तपास करणाऱ्यांच्या बाजूला, मॉर्स संशयिताच्या. व्हेटलींचा अभिनय इथं पाहा. ते डोळे मोठे करत नाहीत, मोठमोठ्यानं बोलत नाहीत. नियमानं जे विचारायचं ते विचारतात आणि नियमाबाहेर जे करायचं ते गुपचूप करतात. प्रकरण मिटल्यावर मॉर्स पुन्हा पहिल्यासारखा. पुढच्या भागात परत तेच खेकसणं.

मग येते नावाची गोष्ट. मॉर्सचं पहिलं नाव दहा वर्षं कोणालाच माहीत नव्हतं. १९९७च्या 'डेथ इज नाऊ माय नेबर'मध्ये ते कळतं. पण कसं? तो सरळ सांगत नाही, शब्दकोड्याचं सूत्र म्हणून टाकतो आणि समोरच्यांनी सोडवायचं. उत्तर 'एंडेव्हर'. कॅप्टन कुकच्या जहाजाचं नाव. वडिलांना कुकचं वेड आणि आई क्वेकर पंथाची, त्यामुळे असं गुणवाचक नाव. लुईस ऐकतो, त्याला मनापासून कीव येते, आणि पुढच्या वाक्यापासून पुन्हा 'सर'. नाव हातात आलं तरी त्यानं ते वापरलं नाही. आम्हांला वाटतं हा सगळ्या मालिकेतला सर्वांत मोठा बदल आहे. आतापर्यंत 'सर' म्हणण्यावाचून इलाज नव्हता म्हणून तो म्हणत होता, आता दुसरं काही म्हणता येत असताना म्हणतो आहे. शब्द तोच, पण आता तो लुईसनं निवडलेला आहे.

पुढच्याच, १९९८च्या भागात लुईस नाहीच. मॉर्स इस्पितळात पडून व्हिक्टोरिया राणीच्या काळातला खून उलगडतो, मदतीला दुसरा एक तरुण शिपाई. भाग बरा आहे, पण खुर्ची रिकामी आहे हे सारखं जाणवतं.

आणि मग १५ नोव्हेंबर २०००, 'द रिमोर्सफुल डे'. लुईस इन्स्पेक्टरची परीक्षा पास झालाय, बढतीची वाट बघतोय. मॉर्स थकलाय, आजारी आहे, निवृत्ती समोर. एका परिचारिकेच्या खुनाचं जुनं प्रकरण पुन्हा वर येतं. त्या बाईशी मॉर्सची ओळख होती आणि ती त्यानं दडवून ठेवली आहे. लुईसला हे कळतं. तेरा वर्षांत पहिल्यांदा लुईसच्या नजरेत संशय आहे आणि तो मॉर्सबद्दल आहे. ज्या माणसानं त्याला 'दिसतं त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस' असं शिकवलं, त्याच्यावरच तो धडा चालवायची वेळ आली. हा खरा परीक्षेचा पेपर, बढतीचा नव्हे.

मॉर्स महाविद्यालयाच्या हिरवळीवर कोसळतो. इस्पितळात त्याच्या उशाशी लुईस नाही, त्यांचा वरिष्ठ स्ट्रेंज आहे. आणि मॉर्स शेवटचं जे बोलतो ते असं की लुईसला माझे आभार सांगा. बस. तेरा वर्षांचा हिशेब तिसऱ्या माणसाकडं निरोप म्हणून ठेवून तो जातो. लुईस येतो तेव्हा शवागार. तो वाकून मॉर्सच्या कपाळाचं चुंबन घेतो आणि निरोप घेताना म्हणतो 'सर'.

हा प्रसंग पाहून रडला नाही असा माणूस आम्हांला भेटलेला नाही, आम्हीही त्यातलेच. पण डोळे पुसल्यावर एक गोष्ट बोलली पाहिजे. पुष्कळ समीक्षक म्हणतात, बघा, न बोलता केवढं प्रेम होतं! ते बोलून दाखवायची गरजच नव्हती. आम्ही याच्याशी सहमत नाही. मालिका स्वतःच सहमत नाही. प्रेम न बोलता पुरेसं असतं तर मरणाऱ्या माणसानं श्वास खर्चून ते बोललं नसतं. मॉर्सला शेवटी कळलं होतं की हे समजून घेण्यावर सोडायला नको होतं. उशीर झाला हे आपल्याला दिसतं आणि त्यालाही दिसतं आहे, म्हणूनच तो प्रसंग एवढा लागतो.

मंडळी, आम्ही वर्गात उभं राहून आयुष्य काढलं, तेव्हा जरा आमचीही वही उघडतो. आमच्या पुस्तकाची मुद्रितं दोन विद्यार्थ्यांनी तपासली, सूची एकानं रात्री जागून केली. पुस्तक आलं. ऋणनिर्देशाच्या पानावर थोर थोर मंडळींची नावं, आणि खाली 'तसेच ज्ञात-अज्ञात सर्वांचे'. सूची करणारा तो मुलगा अज्ञात नव्हता. पहिल्या बाकावर बसायचा. त्यानं पुस्तक हातात घेऊन ते पान वाचलं आणि सुंदर झालंय म्हणाला, सर. आम्ही खूप वर्षं समजत होतो की त्याला कळलंच असेल.

असो. लुईसकडं येऊ.

२००६ साली 'लुईस' सुरू झाली तेव्हा आम्हांला भीती होती की आता मॉर्सची भुतावळ चालवणार. तसं झालं नाही, कारण त्यांनी जोडी उलटी लावली. लुईस आता इन्स्पेक्टर, बायको अपघातात गेलेली, गाडीवाला पळून गेलेला. दोन वर्षं परदेशात काढून परत येतो. विमानतळावर घ्यायला आलेला सार्जंट जेम्स हॅथवे, म्हणजे लॉरेन्स फॉक्स. केंब्रिजचा, धर्मशास्त्र शिकलेला, पाद्री व्हायला निघालेला आणि न झालेला. विद्वान हाताखाली आणि साधा माणूस वर! लुईस आयुष्यभर ज्या लॅटिनवरून बोलणी खात आला ते लॅटिन आता त्याचा सार्जंट बोलतो. लुईस काय करतो? कुरकुरतो, चेष्टा करतो, आणि विचारतो, याचा अर्थ काय रे? मॉर्सनं लुईसला असं काही विचारल्याचं आम्हांला आठवत नाही.

आता २००८चा 'लाइफ बॉर्न ऑफ फायर' पाहा. एक तरुण चर्चमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतो. हॅथवेची त्याची जुनी ओळख. तो मुलगा समलिंगी होता, आणि पाद्रीपणाच्या दिवसांत हॅथवेनं त्याला ते पाप असल्याचं सांगितलेलं. तो अपराध मनात घेऊन हॅथवे ती ओळख लुईसपासून लपवतो. ओळखलंत? 'रिमोर्सफुल डे'चाच पेच, माणसं बदललेली. तिथं वरिष्ठानं लपवलं आणि कनिष्ठाला कळलं. इथं कनिष्ठानं लपवलं. लुईस भडकतो, तोंडावर बोलतो, विश्वास तुटला हे स्पष्ट सांगतो. मनात ठेवत नाही, निरोप पाठवत नाही. आणि शेवटी त्याच माणसासाठी पेटत्या घरात शिरतो. अडचणीच्या क्षणी त्याच्या तोंडून आडनाव न येता 'जेम्स' येतं. मॉर्सकडून जे कधी मिळालं नाही ते लुईस खालच्या माणसाला देतो. ऋषिऋण पुढच्या पिढीकडं फेडतात असं आपण म्हणतो ना, तसंच हे. फरक एवढाच की लुईस मॉर्सचं ऋण फेडत नाहीये. मॉर्सनं लुईसचं जे फेडलं नाही ते तो हॅथवेच्या खात्यात भरतो आहे.

या मालिकेचे सगळेच भाग चांगले आहेत असं नाही. शेवटच्या दोन वर्षांत हॅथवे इन्स्पेक्टर होतो आणि निवृत्त लुईसला मदतीला परत आणतात, तिथं लेखक घोटाळले. कोण कोणाच्या हाताखाली हेच कळेनासं झालं. डॉ. लॉरा हॉब्सनबरोबरचं लुईसचं उतारवयातलं प्रेम मात्र आम्हांला आवडलं. ही डॉक्टर मॉर्सच्या काळातली, म्हणजे दोघांनीही मॉर्सला पाहिलेलं. त्यामुळे त्यांना एकमेकांना फार काही समजावून सांगावं लागत नाही.

'एंडेव्हर'वर मत देताना आमचं मन अजून दुभंगलेलं आहे. इथं मॉर्स विशी-पंचविशीतला, शॉन एव्हान्स. त्याचा वरिष्ठ फ्रेड थर्सडे, म्हणजे रॉजर ॲलम. काळ १९६५ ते १९७२. थर्सडेच्या डब्यात बायको रोज सँडविच देते, प्रत्येक वाराचं वेगळं, आणि मॉर्स वारावरून आत काय आहे ते ओळखतो. किती साधी गोष्ट! पण त्यात आलं की या मुलाला त्या घरात जागा आहे. बघा, पुन्हा मीठच. पुढं थर्सडे भावाला पैसे देऊन बुडतो, घर विस्कटतं, हातही मळतो, आणि दोघांत दुरावा येतो. तो दुरावा फार खरा वाटतो. ज्याला बाप मानलं त्याचे हात मळलेले पाहिल्यावर तरुण माणूस जसा कडक होतो, तसा मॉर्स कडक होतो.

लेखक रसेल लुईस यांच्यासमोर अडचण अशी होती की १९८७च्या मॉर्सनं थर्सडेचं नाव कधीच घेतलेलं नाही. घेणार कसं, पात्रच नंतर जन्मलं. म्हणून शेवटच्या भागात कारण शोधलं. थर्सडेच्या हातून एक माणूस मेला आहे, मॉर्सला ते कळतं, तो गप्प राहतो. थर्सडे ऑक्सफर्ड सोडतो आणि त्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही हे ठरून जातं. एका बाजूनं ही जुळवाजुळव आहे, भिंतीतलं भोक बुजवायला टांगलेलं चित्र. आम्हांला ती खटकली. दुसऱ्या बाजूनं तिनं जुन्या मालिकेला मागे जाऊन बदललं. आता 'रिमोर्सफुल डे' पुन्हा लावला तर दडवादडवी करणारा मॉर्स वेगळा दिसतो. लपवणं हीच निष्ठा, असं तो फार पूर्वी एकाच्या हाताखाली शिकला. २००० साली चित्रीकरण करणाऱ्यांच्या मनात यातलं काहीही नव्हतं. तरी आता ते तिथं आहे, आणि काढून टाकता येत नाही. नाती पुढं बदलतात हे सगळ्यांना माहीत आहे. ती मागंही बदलतात हे दाखवायला छत्तीस वर्षं लागणारी गोष्ट लागते.

आम्हांला न सुटलेलं कोडं एकच, आणि ते तुमच्यासमोर ठेवतो. ज्या मुलाला थर्सडेच्या डब्यातला वार कळत होता, ज्याला वरिष्ठाच्या घरी मायेनं वागवलं, तोच पुढं लुईसच्या खिशातून बिअर पितो आणि त्याला मुलांसाठी घरी जाऊ देत नाही. मिळालेलं असूनही देता का आलं नाही? थर्सडेवरून त्याचा जो भ्रमनिरास झाला त्यामुळे त्यानं मायाच संशयित ठरवली, असं आमचं आजचं उत्तर आहे. ते कच्चं आहे, कारण 'लुईस' मालिकेतल्या लुईसवरही कमी आघात झालेले नाहीत, आणि तो तसा वागत नाही.

ज्यांनी 'एंडेव्हर' शेवटपर्यंत पाहिली आहे त्यांनी आधी बोलावं. माईक तिकडं मागं द्या.